बिनतारी संदेशाचा साधक : गुग्लिएल्मो मार्कोनी

आज लहान मुलाच्या मुठींत मावेल एवढें यंत्र मुंबईंत बोललेला शब्द क्षणार्धांत लंडनला पोहोंचवितें, आणि त्याचें कोणासहि नवल वाटत नाहीं. परंतु ज्या गोष्टीचें नवल संपलें तिच्यामागील कष्टांचाहि विसर पडावा, ही मनुष्यस्वभावाची रीतच आहे. पुण्याजवळील खडकी आणि आगगाडीचें जंक्शन म्हणून प्रसिद्ध असलेलें दौंड हीं दोन नांवें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण इ. स. १९२७ सालीं ह्याच दोन गांवांच्या द्वारें हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्यामध्यें थेट बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली, खडकीहून ते रवाना होत व दौंडास ते उतरत, हें थोड्यांसच ठाऊक असेल. ज्या पुरुषाच्या कंपनीनें ही पद्धति सिद्धीस नेली त्याचें चरित्र आज सांगावयाचें योजिलें आहे. ह्या चरित्रांत अनुकरण करण्यासारखें पुष्कळ आहे, तसेंच सावधपणें विचार करण्यासारखेंहि कांहीं आहे. दोन्ही बाजू वाचकांपुढें ठेवणें हें चरित्रलेखकाचें कर्तव्य होय.

गुग्लिएल्मो मार्कोनी ह्याचा जन्म इटली देशांतील बोलोन्या शहरीं ता. २५ एप्रिल १८७४ रोजीं झाला. त्याचे वडील जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील एका नांवाजलेल्या मद्योत्पादक घराण्यांतील कन्या. तिच्यामुळें मुलास इंग्रजी भाषा लहानपणापासून अवगत झाली, आणि पुढें ह्याच गोष्टीनें त्याच्या आयुष्यास वळण दिलें. त्याचें शालेय शिक्षण मात्र सुरळीत झालें नाहीं. आज ह्या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, कांहीं शाळेंत तर कांहीं घरगुती शिक्षकांपाशीं, असा त्याचा अभ्यास झाला. विश्वविद्यालयाचा रीतसर विद्यार्थी होण्याचा योग त्यास कधींच आला नाहीं. परंतु विजेच्या शास्त्राचें त्यास वेड होतें. लिव्होर्नो येथें रोझा नांवाच्या शिक्षकानें त्यास ह्या विषयाचे पाठ दिले, आणि बोलोन्याचे प्रसिद्ध प्राध्यापक रीगी ह्यांनीं आपल्या प्रयोगशाळेचें दार त्याच्यासाठीं उघडें ठेविलें. होतकरू मुलाला वेळेवर लाभलेला शिक्षक किती मोलाचा असतो, हें येथें दिसून येतें.

इ. स. १८९४ च्या आरंभीं जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ हा अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं निवर्तला. विद्युत्प्रवाहाची ठिणगी उडाली असतां तिच्यापासून अदृश्य लहरी चोहोंकडे पसरतात, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें होतें. त्याच्या निधनानंतर त्याच्या कार्याची माहिती देणारा एक लेख वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनांत आला. तो त्या वेळीं उन्हाळ्यानिमित्त आल्प्स पर्वतांत राहण्यास गेला होता. ह्या लहरींवर आपला संदेश बसवून दूर पाठवितां येईल, हा विचार त्याच्या मनांत शिरला आणि त्यानें त्याची झोंप उडविली. एवढी सोपी गोष्ट मोठमोठ्या पंडितांच्या ध्यानीं कशी आली नाहीं, ह्याचें त्यालाच आश्चर्य वाटत असे.

पोंतेक्यो गांवीं त्यांचें घर होतें. तेथील माळ्यावर त्यानें आपली प्रयोगशाळा थाटली. एका टोंकास ठिणगी उडविणारें यंत्र आणि दुसऱ्या टोंकास एक लहानशी कांचेची नळी. त्या नळींत धातूचा कीस भरलेला असे. एरव्हीं त्या किसांतून वीज वाहत नाहीं. परंतु विद्युल्लहरी येऊन पोहोंचल्या, कीं त्याचे कण एकमेकांस बिलगतात आणि विजेला वाट मिळते. मग एक चिमुकली हातोडी नळीवर टिचकी मारून कण मोकळे करते व नळी पुढील लहरीसाठीं सिद्ध होते. ह्या युक्तीचा उगम फ्रान्समधील ब्रान्ली व इंग्लंडमधील लॉज ह्यांच्या प्रयोगांत होता. मार्कोनीनें ती नळी अधिक संवेदनशील केली, एवढेंच. एके रात्रीं त्यानें आईला झोंपेंतून उठवून माळ्यावर नेलें आणि मध्यें तार नसतां दुसऱ्या टोंकाची घंटा वाजवून दाखविली, असें सांगतात.

त्याचें खरें स्वतःचें पाऊल पडलें तें १८९५ सालीं. यंत्राचें एक टोंक जमिनींत पुरलें व दुसरें उंच खांबावर टांगलें, तर लहरी पुष्कळ दूरवर जातात, असें त्यास आढळून आलें. थोरला भाऊ आल्फोन्सो हा टेंकडीपलीकडे बंदूक घेऊन उभा राहिला. संदेश पोहोंचतांच त्यानें बार काढावयाचा, असें ठरलें होतें. मार्कोनीनें कळ दाबली आणि टेंकडीपलीकडून बंदुकीचा आवाज आला. सुमारें दोन किलोमीटरांचें अंतर व मध्यें डोंगर, असें असतांहि संदेश पोहोंचला होता. त्या एका बारानें घरच्या माळ्यावरील खेळ संपला आणि जगाच्या व्यवहारांतील एक नवें साधन जन्मास आलें.

फेब्रुवारी १८९६ मध्यें आईला बरोबर घेऊन तो लंडनला आला. जकातीच्या अधिकाऱ्यांनीं त्याची ती चमत्कारिक पेटी उघडून पाहिली, आणि त्यांत यंत्राची मोडतोड झाली, असें म्हणतात. आईचे आप्त त्याच्या पाठीशीं उभे राहिले. २ जून १८९६ रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस ह्या वयोवृद्ध गृहस्थांनीं ह्या बावीस वर्षांच्या परदेशी तरुणास उदार आश्रय दिला. लंडनच्या टपाल कचेरीच्या गच्चीवरून, सॉल्झबरीच्या माळावर आणि मे १८९७ मध्यें ब्रिस्टलच्या खाडींतील एका बेटापर्यंत, असे एकामागून एक प्रयोग झाले, आणि प्रत्येक वेळीं अंतर वाढत गेलें.

ता. २० जुलै १८९७ रोजीं मार्कोनीच्या शोधासाठीं लंडनमध्यें एक कंपनी स्थापन झाली. तिचें भांडवल एक लक्ष पौंड होतें. त्याचे एक लक्ष शेअर असून त्यांपैकीं साठ हजार मार्कोनीस मिळाले, शिवाय पंधरा हजार पौंड रोख. १९०० सालीं तिला मार्कोनीचेंच नांव मिळालें. १८९८ च्या अखेरीस चेम्सफर्ड येथें एका जुन्या रेशमाच्या गिरणींत कंपनीचा कारखाना सुरू झाला. बिनतारी यंत्रें तयार करणारा हा जगांतील पहिला कारखाना मानतात.

मार्च १८९९ मध्यें इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधील समुद्र संदेशानें ओलांडला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें गुडविन नांवाच्या धोक्याच्या वाळवंटाजवळ उभ्या असलेल्या दीपनौकेस एका आगबोटीची टक्कर बसली. दीपनौकेवर मार्कोनीचें यंत्र असल्यामुळें तिनें किनाऱ्यास तत्काळ कळविलें व मदत आली. लढाईच्या कामींहि ह्या यंत्राची परीक्षा त्याच सुमारास सुरू झाली. ब्रिटिश सैन्यानें तें बोअर युद्धांत दक्षिण आफ्रिकेस नेलें, परंतु तेथील कोरड्या जमिनीवर तें नीट चालेना. खाऱ्या पाण्यावर मात्र तें उत्तम चाललें, आणि १९०० सालीं ब्रिटिश आरमारानें कंपनीशीं करार केला. रक्षणाचें आणि युद्धाचें साधन ह्या नात्यानें हा शोध येथूनच वाढीस लागला.

आतां मार्कोनीनें अटलांटिक महासागर ओलांडण्याचें मनांत धरलें. पृथ्वी गोल आणि लहरी सरळ जाणाऱ्या, तेव्हां त्या आकाशांत निघून जातील, असें बहुतेक विद्वानांचें मत होतें. तरी त्यानें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास पोल्धू येथें प्रचंड केंद्र उभारलें. तेथील यंत्ररचना प्राध्यापक फ्लेमिंग ह्यांनीं केली. दोनशें फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभे केले होते. सप्टेंबर १९०१ च्या वादळानें ते सर्व आडवे पडले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील खांबांचीहि थोड्याच दिवसांत तीच गत झाली. दुसरा कोणी असता तर त्यानें काम वर्षभर पुढें ढकललें असतें. मार्कोनीनें पोल्धूस साध्या दोन खांबांवर तारा ताणल्या आणि केम्प व पॅजेट ह्या दोन साहाय्यकांसह न्यूफाउंडलंडचा रस्ता धरला. तेथें सेंट जॉन्सजवळच्या टेंकडीवर सोसाट्याच्या वाऱ्यांत पतंगाला तार बांधून ती आकाशांत चढविली. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं दुपारीं कानाशीं श्रवणयंत्र धरून बसलेल्या मार्कोनीस तीन बारीक टिचक्या ऐकूं आल्या. मोर्सच्या लिपींत तें एस ह्या अक्षराचें चिन्ह होतें. सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांवरून तें आलें होतें.

ह्या श्रवणाला कागदावरचा पुरावा कांहींच नव्हता. मार्कोनी व केम्प ह्यांचे कान हेच काय ते साक्षी. पुष्कळांनीं शंका घेतली, आणि दिवसाच्या प्रकाशांत एवढ्या अंतरावर त्या वेळच्या यंत्रानें ऐकूं येणें शक्य होतें काय, असा प्रश्न आजहि शास्त्रज्ञ विचारतात. मार्कोनीनें वाद घातला नाहीं. फेब्रुवारी १९०२ मध्यें तो एका आगबोटीवर चढला आणि दूर जातां जातां आलेले संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून घेऊन त्यांवर कप्तानाची सही घेतली. रात्रीं लहरी दिवसापेक्षां फार दूर जातात, हें त्याच प्रवासांत उघड झालें. शंकेला उत्तर द्यावें तें नव्या व अधिक चोख प्रयोगानें, हा धडा विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत ठेवण्यासारखा आहे. ह्या लहरींना परतविणारा एक थर वातावरणाच्या वरच्या भागांत आहे, हें पुढें सिद्ध झालें. म्हणजे विद्वानांचें गणित चुकलें नव्हतें, त्यांना ठाऊक असलेली सृष्टि अपुरी होती.

येथें आपल्या देशाचा संबंध येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील आचार्य जगदीशचंद्र बसू ह्यांनीं १८९५ सालीं जाहीर प्रयोग करून भिंतींपलीकडे लहरी पाठविल्या, घंटा वाजविली व दारू उडविली. १८९९ सालीं त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें पाऱ्याचा उपयोग करणाऱ्या ग्राहकाचें वर्णन मांडलें. मार्कोनीनें अटलांटिकच्या प्रयोगांत वापरलेला ग्राहकहि पाऱ्याचाच होता. तो त्यास इटलीच्या आरमारांतील सोलारी नांवाच्या मित्राकडून मिळाला होता, आणि त्याचें मूळ बसूंच्या शोधांत आहे, असें कांहीं संशोधकांचें मत आहे. पेटंटाच्या मार्गानें द्रव्य मिळविणें बसूंच्या प्रकृतीस रुचत नव्हतें. रशियांतील पोपोव्ह, इंग्लंडमधील लॉज, अमेरिकेंतील टेस्ला, हेहि त्याच वाटेवर होते. १९११ सालीं लॉज ह्यांचें पेटंट कंपनीला विकत घ्यावें लागलें, आणि १९४३ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें मार्कोनीच्या एका प्रमुख पेटंटांतील महत्त्वाचे हक्क रद्द ठरविले. तेव्हां त्यास एकट्यालाच जनक म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. अनेकांनीं विटा भाजल्या. त्यानें त्या रचून घर उभें केलें व त्यांत जगास राहावयास नेलें. हेंहि काम लहान नव्हे. १९०९ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्यास जर्मनीच्या ब्राऊन ह्यांच्यासह विभागून मिळालें.

ह्या घराचें दार मात्र कंपनीनें कांहीं काळ अडवून धरलें होतें. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेल्या संदेशास उत्तर द्यावयाचें नाहीं, अशी तिची आपल्या कर्मचाऱ्यांस आज्ञा होती. समुद्रावर जीव धोक्यांत असतां व्यापारी चुरस कोठवर चालू द्यावी, हा प्रश्न त्यामुळें निर्माण झाला. १९०६ सालीं बर्लिन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें तो सोडविला. किनाऱ्यावरील केंद्रांनीं व जहाजांनीं यंत्र कोणाचें हें न पाहतां परस्परांशीं बोललें पाहिजे, असें तिनें ठरविलें.

जानेवारी १९०९ मध्यें रिपब्लिक नांवाच्या आगबोटीस धुक्यांत दुसऱ्या बोटीची धडक बसली. बिन्स नांवाच्या तरुण संदेशकानें थंडी-अंधारांत तासन् तास हांका मारल्या, आणि दोन्ही बोटींवरील दीड हजारांहून अधिक लोक वांचले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं टायटॅनिक बोट हिमनगावर आदळली. तिच्यावरील फिलिप्स व ब्राइड हे दोघे संदेशक मार्कोनी कंपनीचे चाकर होते. आदळण्यापूर्वीं फिलिप्स उतारूंच्या खासगी तारा पाठविण्यांत गुंतला होता, आणि जवळच्या कॅलिफोर्नियन बोटीनें दिलेल्या बर्फाच्या सूचनेस त्यानें दाद दिली नाहीं. त्या बोटीवर एकच संदेशक होता. तो यंत्र बंद करून निजावयास गेला. दूरच्या कार्पेथिया बोटीनें मात्र हांक ऐकली व ती धांवून आली. सुमारें सातशें माणसें वांचलीं आणि सुमारें पंधराशें बुडालीं. पंचवीस वर्षांचा फिलिप्स शेवटपर्यंत यंत्रापाशीं राहिला आणि परत आला नाहीं. पालकहो, आपल्या मुलाच्या वयाचा हा तरुण आपली चूक आपल्या प्राणांनीं फेडून गेला.

मार्कोनी त्या वेळीं न्यूयॉर्कमध्येंच होता. वांचलेल्या लोकांनीं त्याचा जयजयकार केला. परंतु वांचलेल्या संदेशकांनीं आपली हकीकत एका वृत्तपत्रास विकावी, म्हणून बोट किनाऱ्यास लागण्यापूर्वीं त्यांस गप्प राहण्याचे संदेश गेले होते. त्याबद्दल अमेरिकेच्या सेनेटच्या समितीनें त्यास कसून प्रश्न विचारले. यंत्र कितीहि उत्तम असलें तरी तें ऐकावयास कोणी जागें असावें लागतें, ही गोष्ट त्या रात्रीनें जगास शिकविली. १९१४ सालीं लंडन येथें झालेल्या करारानें मोठ्या उतारू जहाजांवर अहोरात्र कान ठेवण्याचा नियम घालून दिला.

त्याच वर्षीं, म्हणजे १९१२ त, दोन संकटें आलीं. इटलींत मोटारीच्या अपघातांत मार्कोनीचा उजवा डोळा गेला. आणि इंग्लंडमध्यें कंपनीच्या नांवानें मोठा गवगवा झाला. ब्रिटिश साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची मालिका उभारण्याचा करार सरकार ह्या कंपनीशीं करीत असतां, कांहीं मंत्र्यांनीं तिच्या अमेरिकन शाखेचे शेअर घेतले होते. त्यांपैकीं एक सर रूफस आयझॅक्स हे कंपनीच्या व्यवस्थापकाचे सख्खे भाऊ होते. हेच पुढें लॉर्ड रीडिंग ह्या नांवानें १९२१ ते १९२६ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पार्लमेंटच्या समितीनें मंत्र्यांस निर्दोष ठरविलें, पण तिचें मत पक्षांप्रमाणें दुभंगलेलें होतें. मार्कोनी स्वतः ह्यांत नव्हता, तरी त्याच्या नांवास जो डाग लागला तो लागलाच.

पहिल्या महायुद्धांत कंपनीचें यंत्र सर्वस्वीं रणकार्यास लागलें. कॅप्टन राउंड ह्यांनीं शत्रूच्या संदेशाची दिशा ओळखणारीं केंद्रें इंग्लंडच्या किनाऱ्यावर उभारलीं. १९१६ च्या मे अखेरीस जर्मन आरमार बंदरांत जागा सोडून हललें, हें त्यांनीं ताडलें, आणि जटलंडच्या लढाईसाठीं ब्रिटिश आरमार वेळेवर निघालें. जी कळ बुडणाऱ्यास तारीत होती तीच आतां बुडविण्याच्या कामीं साहाय्य करूं लागली.

युद्धकाळींच मार्कोनी व फ्रँक्लिन ह्यांनीं आंखूड लांबीच्या लहरींचा अभ्यास आरंभिला. आजवर दूरच्या पल्ल्यासाठीं लांब लहरी व अवाढव्य शक्ति लागत असे. आंखूड लहरी आरशासारख्या तारांच्या जाळ्यानें एका दिशेस केंद्रित केल्या, तर थोड्या शक्तींत त्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पोहोंचतात, असें दिसून आलें. आपण इतकीं वर्षें लांब लहरींचा उगीच आग्रह धरला, हें मार्कोनीनें मोकळेपणानें मान्य केलें. कीर्तिशिखरावर असतां आपली चूक कबूल करणें हें पतंग उडविण्याहून अवघड असतें. ह्याच पद्धतीनें १९२६ सालीं कॅनडा व १९२७ सालीं ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान हे देश इंग्लंडशीं जोडले गेले. आरंभीं उल्लेखिलेलीं खडकी-दौंड हीं केंद्रें तीं हींच. त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्रहि सुरू झालें.

चरित्राचा शेवटचा भाग लिहितांना लेखणी अडखळते. १९२३ सालीं मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षास मिळाला. १९३० सालीं तो इटलीच्या राजकीय विद्वत्सभेचा अध्यक्ष झाला, आणि १९३५ सालीं मुसोलिनीनें ॲबिसिनियावर स्वारी केली तेव्हां त्यानें तिची बाजू जगापुढें मांडली. जगांतील राष्ट्रांस एकमेकांशीं बोलतें करणारा मनुष्य एका दुबळ्या राष्ट्राची हांक ऐकूं शकला नाहीं. बुद्धि आणि विवेक ह्या दोन वेगळ्या देणग्या आहेत, एकीबरोबर दुसरी आपोआप येत नाहीं.

ता. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें हृदयविकारानें तो वारला. त्याची कंपनी स्थापन झाल्यास त्या दिवशीं बरोबर चाळीस वर्षें झालीं होतीं. दुसऱ्या दिवशीं अनेक देशांतील बिनतारी केंद्रें दोन मिनिटें स्तब्ध राहिलीं. जें आकाश त्यानें नादमय केलें होतें तें त्याच्यासाठीं क्षणभर पूर्वींसारखें निःशब्द झालें.

कंपनी मात्र पुढें चालली. १९४६ सालीं ती इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या आणि १९६८ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनी ह्या ब्रिटिश संस्थेच्या हातीं गेली. रडार, विमानांतील व सैन्यांतील विद्युदुपकरणें ह्यांसाठीं मार्कोनी हें नांव ब्रिटनच्या संरक्षणव्यवस्थेंत दुमदुमत राहिलें. १९९९ सालीं तो संरक्षणविभाग ब्रिटिश एअरोस्पेसमध्यें विलीन होऊन बीएई सिस्टिम्स ही संस्था झाली. उरलेल्या संस्थेनें मार्कोनीचें नांव धारण केलें व दूरसंदेशाच्या नव्या धंद्यांत आपलें सारें धन ओतलें. पण २००१ सालीं तिच्या शेअरांचा भाव कोसळला, आणि २००६ सालीं तिचा बहुतेक भाग स्वीडनच्या एरिक्सन कंपनीस विकला गेला. शंभर वर्षांचें वैभव दोन-चार वर्षांच्या हव्यासानें विरलें.

विद्यार्थिमित्रहो, कंपनी गेली, पेटंटें गेलीं, पोल्धूचे खांबहि गेले. राहिलें तें इतकेंच, कीं संकटांत सांपडलेल्या मनुष्यास आतां एकट्यानें बुडावें लागत नाहीं, त्याची हांक कोठें तरी पोहोंचते. परंतु हांक पोहोंचविणें हें यंत्राचें काम आणि ती ऐकून उठणें हें मनुष्याचें. पहिलें काम मार्कोनीनें व त्याच्या सोबत्यांनीं करून ठेविलें आहे. दुसरें प्रत्येक पिढीस नव्यानें शिकावें लागतें, आणि तें तुमच्याकडे आलें आहे.